हागेलांडच्या चिखलात

“पाय सरळ उपसू नको. टाच आधी सोडव, मग पंजा.” आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्याकडच्या आमच्या खाचरात आई हे रोज सांगायची. पंचवीस वर्षांनी बेल्जियममध्ये, खांद्यावर सायकल घेऊन एक टेकडी चढताना ते जसंच्या तसं कानात ऐकू आलं.

लूव्हेनला राहून मला तीन वर्षं झाली. हिवाळ्यात इथल्या टीव्हीवर दर शनिवार-रविवार सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखलातल्या सायकल शर्यती, लागलेलं असतं. इथले डच बोलणारे फ्लेमिश लोक त्याला फेल्टरेइडन म्हणतात, म्हणजे शेतातून सायकल हाकणं. बघून बघून एक दिवस जुनी सायकल घेतली, दोन महिने जंगलात सराव केला आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी हौशी लोकांच्या शर्यतीला निघाले. लूव्हेनहून आर्शॉटपर्यंत रेल्वे आणि पुढे पावसात सायकल. वाटेत बाल गाव लागतं. या खेळाचा 2005 आणि 2013 चा विश्वविजेता स्वेन नेइस इथला. जवळच ट्रेमेलो, फादर डेमियन यांचं जन्मगाव. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहून तिथेच वारलेले हे फादर. त्यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार 1983 साली आपल्या बाबा आमट्यांना मिळाला होता. ट्रेमेलोची पाटी दिसली की मला आनंदवन आठवतं, आणि इतक्या लांब आपलं काहीतरी आहे असं वाटून बरं वाटतं.

नावनोंदणी गावातल्या कॅफेत होती. पाठीवरच्या नंबरासाठी पाच युरो अनामत, नंबर परत केला की पैसे परत. आत कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास, बाहेर चार अंश. कपडे बदलायला मात्र पत्र्याची एक उघडी शेड, तीही सगळ्यांना मिळून. बायकांसाठी निदान एक पडदा तरी लावायला हवा होता, हे मी आजही म्हणेन. वर पुरुषांची तुकडी सुटेपर्यंत आम्हाला पावसात उभं ठेवलं. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही ते कळेना.

ही शर्यत अंतराची नसते, वेळेची असते. आमची चाळीस मिनिटांची होती. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागतो ते बघून एकूण फेऱ्या ठरवतात. वाटेत फळ्यांचे आडसर येतात. तिथे डाव्या बाजूने उतरायचं, कारण साखळी उजवीकडे असते. सायकल उचलायची, उड्या मारायच्या, पळता पळता पुन्हा बसायचं. टायरात हवा अगदी कमी ठेवायची, म्हणजे ते जमिनीला धरून चालतं.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. चिखल पातळ होता, आणि पातळ चिखलातून चाक जातं. मग पाऊस थांबला. शेकडो चाकांनी मळलेली ती माती घट्ट होत गेली. हागेलांड या भागातल्या टेकड्या लोखंड असलेल्या वालुकाश्माच्या, त्यामुळे चिखलही तांबूस. चिखलणी झालेलं खाचर दोन दिवस उन्हात राहिलं की जसं पाय धरून ठेवतं, तसं ते सगळं मैदान झालं. तिसऱ्या फेरीत गवत आणि चिखल मिळून मागची दातेरी चाकं भरून गेली, साखळी अडकली आणि पायडल हलेना.

दुरुस्तीची जागा टेकडीच्या वर. सायकल खांद्यावर घेतली. चिखलासकट तिचं वजन दुप्पट वाटत होतं. पहिल्याच पावलाला बूट अडकला. तेव्हा आई आठवली. टाच वाकडी केली, पाय सुटला. पुढचा पाय, पुन्हा टाच. बाजूला दोरीपाशी उभे असलेले लोक ओरडत होते, “अले! अले!” म्हणजे चल, चल. माझ्या पुढे-मागे कुणीच नव्हतं. ते मलाच ओरडत होते. माझ्या इमारतीतले शेजारी तीन वर्षांत ‘शुभ दिवस’च्या पुढे गेलेले नाहीत, आणि इथे अनोळखी माणसं सगळ्यांत शेवटच्या बाईसाठी घसा फोडत होती.

वर पोचले तर माझ्यासाठी कुणी थांबलेलं असणं शक्यच नव्हतं. बाकीच्यांचे नवरे, बाप, मित्र दुसरी सायकल घेऊन उभे होते. एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, गमबूट घातलेले, नातीसाठी आले होते. तिची शर्यत दुपारची, ते सकाळपासून जागा धरून होते. त्यांनी काही न विचारता माझी सायकल हातातून घेतली. बादलीभर पाणी ओतलं, ब्रशने दाते घासले, बोटांनी गवत उपसलं, पायडल उलटं फिरवून साखळी मोकळी केली. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. सायकल माझ्यापुढे धरली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “अले, मेइशे!” म्हणजे पोरी, चल. इकडे मुलीला ‘मेइशे’ म्हणतात हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी तो शब्द मराठीतल्या ‘माझे’सारखा ऐकू आला आणि डोळे भरून आले.

मी शेवटची आले. पहिल्या बाईने मला एका फेरीने मागे टाकलं होतं, त्यामुळे एक फेरी कमी झाली. त्याचं दुःख झालं नाही.

नळाखाली नंबर धुऊन कॅफेत परत दिला, पाच युरो मिळाले. त्यांच्या दोन कॉफ्या घेतल्या आणि टेकडीवर गेले. नातीची शर्यत सुरू झाली होती आणि आजोबांची बादली रिकामी होती. एक कॉफी त्यांच्या हातात दिली, दुसरी तिथेच खांबावर ठेवली आणि बादली उचलून नळाकडे निघाले. तिची शर्यत संपेपर्यंत माझ्या नऊ खेपा झाल्या.