ग्राफ झाकायचा राहिला त्या दिवसाची गोष्ट

मी अकरावीला फिजिक्स शिकवते. वर्गात "समजलं का?" विचारल्यावर काय होतं ते शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पुढच्या बाकावरची चार डोकी हलतात, बाकीचे वहीत बघतात आणि आपणही मनाची समजूत घालून पुढच्या टॉपिकला लागतो. म्हणून मग लाइव्ह पोल घ्यायला सुरुवात केली. स्क्रीनवर प्रश्न, पोरं क्यूआर स्कॅन करून मोबाइलवरून उत्तर देणार, नाव कुणाचंच दिसत नाही, फक्त बार वर चढताना दिसतात. पहिल्या दिवशी हौसेने वर्ड क्लाउड केला होता, "फिजिक्स म्हटलं की काय आठवतं?" त्यात जो शब्द जास्त जण लिहितात तो मोठा होत जातो. भिंतभर एकच शब्द आला, झोप. असो.

तर परवाचा प्रश्न असा होता की चेंडू सरळ वर फेकलाय, अगदी वरच्या टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं ॲक्सिलरेशन, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? पर्याय तीन: शून्य, खालच्या दिशेने ९.८, वरच्या दिशेने ९.८. ए डिव्हिजनचं पहिलं लेक्चर. पोल उघडला, सुरुवातीची पाच-सहा उत्तरं पटापट शून्याला पडली आणि तो बार जो सुटला तो सुटलाच. मी मागच्या बाकापाशी उभी होते म्हणून एक गोष्ट दिसली. एका मुलीचा अंगठा "खाली ९.८" वर होता. तिने मान वर करून स्क्रीन बघितली, परत मोबाइल बघितला, अंगठा सरकवला आणि शून्य दाबलं. अगं बाई, बरोबर उत्तर होतं की तुझं! ५१ पैकी ४४ जणांनी शून्य दिलं आणि त्यातली किती मतं स्वतःची, किती बार बघून दिलेली, हे मला आता कधीच कळणार नाही. निनावी असलं की पोरं मोकळेपणाने उत्तर देतात असं मी स्टाफरूममध्ये छातीठोक सांगत होते, पण सगळे शून्य म्हणतायत म्हणजे माझंच चुकत असणार, हे वाटायला नाव कुठे दिसावं लागतं?

वर त्या गडबडीत मी उत्तर सांगूनही टाकलं. घंटा झाली, सगळे गेले, तेव्हा सेटिंग उघडून बघितली तर मत येईपर्यंत रिझल्ट लपवायचं बटण तिथेच होतं, डोळ्यांसमोर. माझाच गाढवपणा, ॲपला कशाला बोल लावू.

बी डिव्हिजनला ग्राफ झाकला. टायमरही काढला, कारण घड्याळ उलटं धावायला लागलं की पोरं विचार करत नाहीत, नुसतं दाबतात. ४४ जणांपैकी २३ शून्य, १७ खाली ९.८, ४ वर ९.८. डिव्हिजन वेगळी, पोरं वेगळी, त्यामुळे याला काही प्रयोग म्हणता यायचं नाही, पण इतका फाटलेला वर्ग मी कधी बघितला नव्हता. हार्वर्डचे एरिक माझुर १९९१ पासून पिअर इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत वापरतायत, तिच्यात बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली तर शिक्षकाने गप्प बसायचं, पोरांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि परत मत घ्यायचं. (स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची पद्धत आहे ही, हात वर करून नाहीतर कार्ड दाखवूनही चालते.) आमचे १७ म्हणजे ३९ टक्के. म्हटलं, बोला एकमेकांशी, तीन मिनिटं.

गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. तिसऱ्या बाकावर एक जण सांगत होता, "अरे वर पोचल्यावर थांबतो ना तो, मग झिरोच." शेजारचा म्हणाला, "थांबला आणि ॲक्सिलरेशन पण झिरो, तर खाली येईलच कशाला? तिथेच लटकून राहील की!" पहिला गप्प. मग टेबलावरचा माझा डस्टर उचलून त्याने वर फेकला, डोळे बारीक करून बघितला, परत फेकला. तिसऱ्यांदा झेल चुकला आणि पुढचा बाक खडूने पांढरा. मला ओरडायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या मतदानाच्या ऐन वेळी वायफाय गेलं आणि सहा जण बाहेर फेकले गेले. त्यांना सांगितलं की छातीशी बोटं धरा, एक, दोन, तीन, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. सगळं मिळून बरोबर ३६.

उरलेल्या आठांपैकी एकाचा नाव नसलेला मेसेज आला, "मॅडम, मी अजून झिरोच दिलंय. वेग नाही तर ॲक्सिलरेशन कुठून येणार, पटत नाही." पन्नास मिनिटांतली सगळ्यात प्रामाणिक ओळ. त्याच्यासाठी रात्री नवी स्लाइड केली: पेंडुलम एका टोकाला जाऊन क्षणभर थांबलाय, तेव्हा त्याचं ॲक्सिलरेशन शून्य असतं की नाही? उद्या आधी ए ला दाखवणार. त्यांचं एक मत माझ्याकडे उधार आहे.