चंद्रावर नेताना काटा कोणता?

चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, हे वाक्य शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. सुटलेल्या पोटांना त्याचा मोठा आधार वाटतो: साठ किलोचा माणूस तिथे जेमतेम दहा किलोचा! पण नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा सौदा करणाऱ्याला हे सांगून पाहा. तो आधी विचारेल, "कोणत्या काट्यावर, भाऊ?"

प्रश्न अगदी रास्त आहे. समजा चंद्रावर हवा भरलेला एक घुमट आहे आणि त्यात संत्र्यांचं दुकान लागलंय. (घुमटाबाहेर संत्र्याचं जे होईल ते बघवणार नाही.) दुकानदाराने जुना ताजवा नेला असेल, तर काहीच बिघडत नाही. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात संत्री. चंद्र दोघांनाही सारखंच कमी ओढतो, म्हणून किलोला किलोच भरतो. फरक पडतो तो डुलण्यात. ओढ कमी, त्यामुळे दांडीचा झोका अडीचपट संथ. नागपुरात दोन सेकंदांत पुरा होणारा झोका तिथे पाच सेकंद घेईल. घाईतल्या गिऱ्हाइकाने दांडी स्थिरावायच्या आत पिशवी उचलली, तर मापात पाप कुणाचं, हे ठरवणं अवघड.

इलेक्ट्रॉनिक काट्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात लोडसेल असतो: ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याला चिकटवलेल्या स्ट्रेनगेजच्या पट्ट्या. भाराने ठोकळा किंचित वाकतो, पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि सर्किट तो बदल किलोत मांडतं. म्हणजे मोजतो ओढ, सांगतो किलो. नागपुरात जुळवलेला असा काटा चंद्रावर किलोभर संत्री १६६ ग्रॅम दाखवेल. वर रिकाम्या पारड्यावर तो इमानदारीने शून्यच दाखवणार, त्यामुळे संशयही येणार नाही.

हा सहावा हिस्सा येतो कुठून? चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या एक्क्याऐंशीव्या भागाइतकं. त्या हिशेबाने वजनही ८१ पट घटायला हवं. पण चंद्र लहानही आहे. त्याची त्रिज्या १७३७ किलोमीटर, आपली ६३७१. तिथे उभा माणूस केंद्राच्या सुमारे ३.६७ पट जवळ असतो, आणि जवळिकीचा परिणाम वर्गाने वाढतो, म्हणून ओढ साडेतेरापट वाढते. ८१ ला साडेतेराने भागलं की सहा.

ही ओढ पृथ्वीवरही सगळीकडे सारखी नाही, आणि त्याचा हिशेब चंद्रापेक्षा इतवारीच्या सराफ्यात जास्त कामाचा. गुरुत्व त्वरण, म्हणजे या ओढीचं माप, दिल्लीत सुमारे ९.७९१ मीटर प्रति सेकंद वर्ग, नागपुरात ९.७८६. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत आणि समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच इथे मांडला, तर १०० ग्रॅम सोनं सुमारे ५० मिलिग्रॅम कमी दाखवतो. विकणाऱ्या सराफाचं नुकसान, घेणाऱ्याची चांदी. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवतात. काट्यावरच्या पातळीदर्शकाचा बुडबुडा मध्यभागी आणायचा, काटा पंधरा-वीस मिनिटं सुरू ठेवायचा, शून्य करायचं, प्रमाणित वजन पारड्याच्या मधोमध ठेवून जुळवायचं आणि तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून तपासायचं. पंखा बंद, त्याचा वारा मिलिग्रॅम नाचवतो. दुकानातल्या काट्याचं सील मात्र स्वतः तोडू नये, ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. काही महागड्या काट्यांच्या आतच वजन बसवलेलं असतं, ते आपलं आपण जुळवून घेतात. चंद्रावर न्यायचाच तर असला न्यावा.

कारण तिथे एकदा जुळवून भागणार नाही. चंद्राच्या काही मोठ्या सपाट विवरांखाली दाट खडक दडलेला आहे. १९६८ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांच्या गतीत चढउतार दिसले, त्यावरून तो कळला. त्याने नि इतर कारणांनी तिथली ओढ ठिकठिकाणी मिळून दीडेक टक्क्याने बदलते. पृथ्वीवर ध्रुव ते विषुववृत्त हा फरक अर्धा टक्का. तिथल्या फिरत्या विक्रेत्याला मुक्काम बदलला की काटा पुन्हा जुळवणं आलं.

आणि हमालाचं काय? पन्नास किलोची सहा पोती तो चंद्रावर सहज उचलेल, पाठीवर एकाचाच भार वाटेल. खरी पंचाईत थांबताना. उचलायला हलकं झालं तरी ते तीनशे किलोच आहे, आणि तळव्यांची जमिनीवरची पकड मात्र सहा पटीने घटली. सेकंदाला दीड मीटर चाल आणि घर्षणांक (पकडीचं माप) ०.६ धरला, तर इथे घसरून थांबायला १९ सेंटिमीटर पुरतात. तिथे ११६ लागतात. बाजाराच्या गर्दीत हा फरक समोरच्याच्या पाठीत जाणवेल. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या चार्ल्स ड्यूकने चंद्रावर हौसेने उंच उडी मारली. पाठीवरच्या श्वसनसंचाने तोल मागे गेला आणि तो त्या संचावरच आपटला. प्राणवायू त्यातूनच मिळत होता. संच फुटला नाही, म्हणून निभावलं.