काक्कनाडची फेरी: परिषदेसाठी जागा बघताना

डेबियन ही स्वयंसेवकांनी बनवलेली मुक्त संगणकप्रणाली. तिच्या लोकांची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, २०२३ साली १० ते १७ सप्टेंबरला कोचीत झाली. ठिकाण होतं काक्कनाडच्या इन्फोपार्कमधलं हॉटेल. ३५ देशांतून पावणेपाचशेच्या घरात माणसं आली होती. भारतात असा मेळावा भरवायचा असेल तर हा परिसर एकदा फिरून बघावाच.

नेडुंबश्शेरी विमानतळाहून टॅक्सीला तासभर लागतो; संध्याकाळी ऑफिसं सुटताना त्याहून जास्त धरा. वैट्टिलाहून वॉटर मेट्रोची बोट काक्कनाडपर्यंत येते, पण धक्क्यापासून पुढे रिक्षा किंवा फीडर बस लागते. मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेसनं येणार असाल तर एर्नाकुलम जंक्शनला उतरा. सप्टेंबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, तेव्हा वेळ पुन्हा तपासा. पाऊसही असतोच, म्हणून राहणं, जेवण नि सभागृहं एकाच आवारात असणं इथे फार मोलाचं.

तारीख ठरवताना ओणम बघा. २०२३ साली तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, २९ ऑगस्टला होता, म्हणून सप्टेंबर मोकळा मिळाला. २०२४ साली तो १५ सप्टेंबरला आला. म्हणजे त्याच आठवड्यात खोल्या महाग आणि निम्मे कामगार गावी. पुण्यात हाच हिशेब गणपतीचा.

हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी व्हिसाचं बघा. पर्यटक व्हिसावर परिषदेला बसता येत नाही. आयोजकांना परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि, लागेल तिथे, गृह मंत्रालयाची कार्यक्रम-मंजुरी घ्यावी लागते, आणि ही पत्रं निमंत्रणासोबत पाहुण्यांना पाठवावी लागतात. नुसतं निमंत्रण जोडलेला अर्ज वकिलातीत अडकतो, तोवर विमानाचं तिकीट महागतं. परदेशी देणग्या घ्यायच्या तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. सीएला पहिल्याच बैठकीला बसवा.

सगळ्यात जास्त वेळ नेटवर्कवर घालवा. ‘वाय-फाय आहे’ या उत्तरावर थांबू नका. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवर एक पत्ता (आयपी) लागतो. नेहमीच्या मांडणीत एका जाळ्यात असे २५४ पत्ते असतात. ३०० जणांचे फोन नि लॅपटॉप मिळून ६०० उपकरणं होतात. त्यात पत्ता २४ तासांसाठी दिला जात असेल तर निघून गेलेल्यांचे पत्तेही अडकून राहतात, आणि दुपारी नवा माणूस जोडला जात नाही. १०२२ पत्त्यांचं जाळं आणि तासाभराची मुदत मागा. क्लायंट आयसोलेशन बंद करता येतं का, तेही विचारा. ते चालू असेल तर शेजारच्या दोन लॅपटॉपना एकमेकांशी बोलता येत नाही. इंटरनेटची दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची आणि इमारतीत वेगळ्या वाटेनं आलेली हवी, नाहीतर एका खोदकामात दोन्ही जातात. व्याख्यानं थेट प्रक्षेपित होणार असतील तर अपलोडचा वेग स्वतः मोजा.

रात्री एकदा जाऊन बघा: एसी किती वाजता बंद होतो, रखवालदार कुणाला हटकतो, दोन वाजता चहा मिळतो का. परिषदेला येणारी ही प्रोग्रामर मंडळी रात्रीच जास्त काम करतात.

करारात खोल्यांची अट नीट वाचा. किती खोल्या कुठल्या तारखेपर्यंत दंडाशिवाय सोडता येतील ते आकड्यांत लिहून घ्या. ही तारीख व्हिसाचे निकाल लागायच्या आधीची असेल तर रिकाम्या खोल्यांचं भाडं आयोजकांच्या माथी बसतं.