आधी वाट, मग झाडं

इस्पितळातली बाग कशी करावी, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती हरवत जाणाऱ्या आजाराच्या, वृद्ध रुग्णांसाठी बाग करायची ठरली की मला फोन येतो तो झाडांसाठी: "ताई, काय काय लावूया?" झाडं मागाहून. आधी वाट.

या माणसांना चालायचं असतं. ऊन कललं की जीव कासावीस होतो, "हांव घरा वतां" (मी घरी जातो) असं कोंकणीत म्हणत माणूस उठतो आणि दाराकडे निघतो. वाट भिंतीशी संपली तर तो तिथंच अडकतो, चिडतो, रडतो. म्हणून वाट गोल फिरून निघाल्या दाराशीच परत यावी. कुठं वळायचं हे त्याला ठरवावं लागू नये. फरशी एकाच रंगाची. नक्षीसाठी मध्ये काळा पट्टा घातला तर पुष्कळांना तो खड्डा वाटतो, पाऊल पुढे पडत नाही. आणि चिरा, म्हणजे जांभा दगड, कितीही आपला असला तरी पायाखाली नको. गोव्याच्या पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. वाटेचा थोडा भाग छपराखाली घ्या, जुन्या गोव्याच्या घरांच्या दारापुढच्या बल्कांवासारखा, दोन्हीकडे बसायला कट्टे असलेला.

झाडांत आधी काय लावायचं नाही ते बघा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा अजिबात नको. हाताला येईल ते तोंडात घालणारे रुग्ण असतात, आणि ही तिन्ही विषारी. तुळस लावाच, मोगराही. पण माझा हट्ट अबोलीचा, कमरेएवढ्या उंच वाफ्यात, चाकाच्या खुर्चीवरूनही हात पोहोचेल अशी. नातवंडांची नावं हरवलेल्या आजीच्या हातात ती फुलं आणि केळीचा दोर दिला तर बोटं आपसूक फाती, म्हणजे गजरे, गुंफू लागतात. हाताला लागलेली सवय नावांच्या मानानं पुष्कळ टिकते. तेवढा वेळ कुणी तिला "मला ओळखलंस का?" म्हणून विचारत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक मात्र पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या: संध्याकाळी दार कोण उघडणार? रुग्ण पडेल या भीतीनं कुलूप लागतं आणि बाग खिडकीतून बघण्यापुरती उरते. नर्सच्या टेबलावरून सगळी वाट दिसेल अशीच जागा मी मागते, म्हणजे दार उघडं ठेवायची तिला धास्ती वाटत नाही.