कोयनेचं पाणी आणि उपडा पेला

भूगर्भशास्त्र शिकायचंय म्हणून जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. तिसऱ्या प्रकरणात झोप लागते. त्यापेक्षा एक प्रश्न धरा. सातारकरांना तो घरचाच आहे: कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि काही वर्षांत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याचा यात हात कसा?

पुस्तक उघडण्याआधी आपलं उत्तर वहीत लिहा. बहुतेकांचं ठरलेलं असतं, ‘पाण्याच्या वजनानं खडक मोडला.’ आता हिशोब मांडा. १०० मीटर पाण्याचा तळाशी दाब साधारण १ मेगापास्कल. खडक पाण्याच्या पावणेतीनपट जड धरला, तर ५ किलोमीटर खोलीवर नुसत्या खडकाचा दाब होतो १३५ मेगापास्कल. पाण्याची भर एक टक्कासुद्धा नाही! (एककं प्रत्येक ओळीत लिहा. किलो आणि मेगाच्या गोंधळात हजारपटीची चूक सहज होते.)

वजनाचं उत्तर लंगडं पडलं, की काय वाचायचं ते आपोआप ठरतं: खडकाच्या भेगांत शिरलेलं पाणी काय करतं?

त्यासाठी काठ सपाट असलेला स्टीलचा पेला पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. काचेचा सपाट तुकडा ओला करा, त्याच्या एका कडेखाली पातळ वही सरकवा आणि पेला काचेवर उपडा ठेवा. आतली हवा तापत जाते, पेल्याला किंचित उचलून धरते आणि पेला घसरतो. वजन तेवढंच, उतारही तेवढाच. काठावरचा भार तेवढा हलका झाला. काठ चेपलेला असेल तर हवा निसटते आणि काहीच होत नाही. ‘ओलं होतं म्हणून घसरला’ ही शंका फेडायला न गारठवलेला पेला त्याच ओल्या काचेवर ठेवून बघा. तोही घसरला तर उतार जास्त आहे, वही काढून आणखी पातळ काहीतरी ठेवा.

भेगांतल्या पाण्याचा दाब हेच करतो: प्रस्तरभंगाच्या (ज्या भेगेवर खडक सरकतो तिच्या) दोन बाजूंना एकमेकींवर रेटणारा भार कमी होतो, घर्षण घटतं. मात्र पेल्याची उपमा फार ताणू नका. पेला स्वतःच्या वजनानं घसरतो. तिथला खडक आधीपासून साठलेल्या ताणानं सरकतो. म्हणून जाणकार ‘धरणानं भूकंप घडवला’ म्हणत नाहीत, ‘चालना दिली’ म्हणतात. शिवाय पाणी खोल झिरपायला वेळ लागतो.

आता वहीतली पहिली ओळ खोडून नवी लिहा आणि तिच्याखाली पुढचा प्रश्न: पुढे वारणेचं धरण भरल्यावर भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडेही पसरला, मग प्रत्येक धरणाखाली असं का होत नाही?