बहाव्याची गळती: चोर अढीत सापडला

बहावा टिकला! काल पहाटे साडेपाचला कापलेले घोस आज रात्रीही चैत्रगौरीच्या झोपाळ्यावर लोंबताहेत आणि खाली जेमतेम दहा-बारा पाकळ्या पडल्यात. मागच्या तिन्ही खेपांना बायका हळदीकुंकवाला येईपर्यंत फुलं गळून नुसते हिरवे दांडे उरले होते.

आरास फक्त इथल्या मातीतल्या फुलांची करायची ठरवल्यापासून झेंडू बाद, कारण तो मूळचा मेक्सिकोचा. गुलमोहर मादागास्करचा, देवचाफासुद्धा अमेरिका खंडातला. चैत्रात पिवळाधमक रंग हवा तर माझ्यासाठी बहावाच.

गळतीवर बरेच उपाय झाले. घोस वरून खाली उमलत येतो, म्हणून टोकाला कळ्या असतानाच कापला. पानं काढली, देठ पाण्याखाली तिरका छाटला, दोन तास खोल बादलीत अंधारात ठेवला. साखर घातली, लिंबू पिळलं. फरक पडला तो तासा-दोन तासांचाच.

रविवारी देवघराशेजारच्या खोलीत हापूसची अढी, म्हणजे गवतात पिकत घातलेले आंबे, उघडली, घमघमाट सुटला आणि एकदम लक्षात आलं. पिकता आंबा इथिलीन वायू सोडतो, त्यानेच शेजारची कैरी पिकते. पुष्कळ फुलं गळतात तीही त्याच वायूने! लगेच एकाच फांदीचे चार घोस घेतले. दोन अढीपाशी ठेवले, दोन जिन्याखाली. सकाळी अढीपाशी फरशी पिवळी झालेली, जिन्याखालचे घोस मात्र भरलेले. आणि आपण आरास मांडतो ती पिकले आंबे, केळी, खरबूज फुलांच्या थेट खाली ठेवून!

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "आंबा नैवेद्यापुरता ठेव, आरती झाली की उचल. कैऱ्यांचा घोस राहू दे." कलिंगडाची कोरीव कमळंही राहिली, कारण कलिंगड हा वायू फारच कमी सोडतं. खरबूज आणि केळी स्वयंपाकघरात गेली, अढी माळ्यावर.

घोस उभे राहायला पितळी घंगाळात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून बसवली. फुलं खोचायचा तो हिरवा फोम कृपा करून वापरू नका. त्याचा भुगा होतो, पण तो कुजत नाही. सोनचाफ्याने यंदा निराश केलं. विक्रेत्याने ताजा म्हणून दिलेला दुपारीच तपकिरी पडला. वेंगुर्ल्याहून आलेला सुरंगीचा वळेसर (गजरा) मात्र पार वाळलाय, तरी झोपाळा हलला की खोलीभर वास येतो.

अक्षय तृतीयेला मखरामागे बहाव्याचा पडदा सोडायचा बेत होता. पण लिहिता लिहिताच सुचलं, की बांबूची पेरं कापली तर खालच्या गाठीमुळे बूड आपोआप बंद राहील. त्यात पाणी भरून मखरामागे बांधली, तर प्रत्येक घोसाला आपापलं पाणी मिळेल. म्हणजे पडदा रद्द. उद्या बुरुडआळीत जाते. पेर वीतभर पुरेल की जास्त लांब हवं, कुणी करून पाहिलंय का?