दह्याच्या डब्यावर न छापलेला दावा

घरच्या ग्रुपवर 'रोज दही खा, प्रतिकारशक्ती वाढते' हा निरोप पुन्हा आला. इथे जर्मनीत हेच वाक्य दह्याच्या डब्यावर छापलं तर ते बेकायदेशीर ठरेल. युरोपीय संघाच्या २००६ च्या कायद्यानुसार आरोग्याचा दावा करायचा तर आधी पुरावा द्यावा लागतो. इटलीतल्या पार्माची अन्नसुरक्षा संस्था तो तपासते. प्रोबायोटिकने, म्हणजे आरोग्याला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंनी, प्रतिकारशक्ती वाढते, या दाव्याला अजून मंजुरी नाही. दह्यातल्या जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचायला मदत होते, एवढं म्हणता येतं. तेही ग्रॅममागे किमान १० कोटी जिवाणू असतील तरच.

ही शिस्त मला मनापासून आवडते. म्हणूनच तिच्यातून काढलेली पळवाट जास्त खटकते. दह्याच्या पेयाच्या छोट्या बाटलीवर प्रतिकारशक्तीचं नाव ठळक असतं, शेजारी बारीकशी चांदणी. बाटली फिरवून चांदणीखालची ओळ वाचली की कळतं, हा दावा वरून घातलेल्या ड किंवा ब-६ जीवनसत्त्वाचा आहे. त्यांच्यासाठी तशी मंजुरी आहे. नियम पाळला जातो, पण घाईतल्या गिऱ्हाइकाला वाटतं की जिवाणूंचाच गुण.

मग आपलं ताक काय नुसतं समाधानाचं? मी तसं मानत नाही. शरीराच्या प्रतिकार यंत्रणेचा मोठा भाग आतड्याभोवती असतो आणि तिथल्या जिवाणूंशी तिचा सतत संबंध येतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात काही निरोगी माणसांना १० आठवडे दही, केफिर (दुधाचं आंबवलेलं पेय), किमची (कोरियन आंबवलेली कोबी) असे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. अभ्यासात माणसं मात्र ३६च होती, आणि त्यातल्या निम्म्यांना तंतुमय आहार होता. त्यामुळे सर्दी-ताप होणार नाही अशी हमी यातून निघत नाही. पण जेवणानंतर वाटीभर ताक घ्यायला मला एवढा आधार पुरतो, आणि आपल्या आज्यांनी ते कुठल्याही मंजुरीवाचून केलं याचा अभिमानही आहे.

जिवाणू जिवंत हवे असतील तर कढी त्यात धरू नका. उकळल्यावर ते मरतात. इथली डबाबंद आंबवलेली कोबीही तापवलेलीच असते. आणि घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर प्रोबायोटिकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.